कॉलेजच्या आवारातले दगड कसे वाचायचे

नाशिकच्या एका लहानशा कॉलेजात मी ग्रंथपाल होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना आवार दाखवायचं काम दर पावसाळ्यात माझ्याकडे यायचं. सुरुवातीला मी मुख्य इमारत, हॉल, वसतिगृह असं ओळीनं दाखवायची आणि मुलं जांभया द्यायची. मग मी कॉलेजात सुरुवात करणंच सोडलं. आधी पांडवलेण्यांवर न्यायला लागले. तुम्हीही तसंच करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तिथल्या चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात जा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथल्या भिंतीवर कोरलेले आहेत. लेणं दान दिलं, एवढं सांगून तो थांबत नाही. भिक्खूंसाठी त्यानं ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवली. २००० एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊणनं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापणं. मुलांना तिथंच तोंडी हिशेब करायला लावा. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बारे २४०. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब जुळला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग कॉलेजात या. आपल्याकडची जुनी कॉलेजं अशीच दानावर उभी राहिली. १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीनं सुरू केलेल्या नाशिकच्या एचपीटी कॉलेजच्या नावातच हंसराज प्रागजी ठाकरसी आहेत. तुमच्या आवारातही कोनशिला असेल, खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी असेल, नाहीतर पंख्याच्या पात्यावर रंगवलेलं नाव तरी असेलच. ते सगळं वाचा.

झिजलेली अक्षरं भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं पडतं तेव्हा. भिंत सावलीत असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून कडेनं उजेड पाडा आणि फोटो घ्या. दगड फार तर ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. तारेचा ब्रश, ॲसिड, खडूची पूड यांतलं काहीही लावू नका. ऑइलपेंट तर नाहीच नाही. आमच्याकडे एका समारंभाच्या आदल्या दिवशी कोनशिलेची अक्षरं उत्साहानं रंगवली गेली. रंगवणाऱ्याला एक अंक नीट लागला नाही, आणि त्यानं लावला तोच अंक पुढे सगळीकडे छापला गेला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

साल शकातलं असेल तर चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. पौष असेल तर घाई करू नका. इंग्रजी वर्ष त्याच महिन्यात बदलतं, म्हणून तिथी बघून पंचांगाशी ताडा. विक्रम संवत लिहिलेला असेल तर महिन्यानुसार ५६ किंवा ५७ वजा करायचे.

मग भिंती. काळ्या पाषाणाच्या भिंतीत चुन्याचे सांधे असतात. त्यांवर पुढे कुणी सिमेंट भरलं असेल तर तिथली ओल बाहेर पडू शकत नाही आणि शेजारचा दगड पापुद्रे सोडतो. अशा जागा वहीत नोंदवा आणि प्राचार्यांना दाखवा. कौलारू छप्पर असेल तर पडलेलं एखादं कौल उलटं करून बघा. मंगळुरी कौलाच्या पाठीवर बहुधा कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात काढला.

पाटीवर नसलेलं माणसांकडून मिळतं. निवृत्त शिपाईमामांना आवारात बोलावून त्यांच्याबरोबर फिरा. घरी बसून विचारलं तर निम्मंच आठवतं. जुन्या छापील संदर्भांसाठी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं.

आमच्या आवारातली माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे सायकल स्टँडमागची पाणपोई. तिच्या पाटीवर फक्त ‘आईच्या स्मरणार्थ, एक विद्यार्थी’ एवढंच आहे. पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं गौतमी बलश्रीनं दान दिलेलं, आणि तिथल्या लेखात तिनं आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम भरभरून कोरवून घेतलाय. तिथं आई मुलाबद्दल सांगते, इथं मूल आईबद्दल. फेरी मी नेहमी पाणपोईशी संपवायची आणि मुलांना तिथलं पाणी प्यायला सांगायची.