दोन चौकटी कंस आणि सात रविवार : लिनक्सच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरात राहून लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या कामात शिरू पाहणारी मुले भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतक्या साऱ्या डिस्ट्रोंपैकी (म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांपैकी) नेमकी कोणती शिकावी? प्रश्न गैर नाही. पण त्यामागे जी समजूत दडलेली असते तिनेच मला एकदा चांगले पाण्यात बुडवले. प्रत्येक डिस्ट्रो हे जणू वेगळे राज्य असून एकाचे नियम पाठ केले की दुसऱ्यात गेल्यावर तेवढी नावे बदलून घ्यायची, अशी ती समजूत. कोणते नियम सगळीकडे सारखे आहेत आणि कोणते त्या त्या राज्याचे आहेत, हे तरी हळूहळू कळते. जी गोष्ट कुठल्याच नियमात बसत नाही, पण एका राज्यात खपवून घेतली जाते, ती ओळखायला मात्र मला कोणी शिकवले नव्हते.

मी २०१८ साली बर्डीवरच्या एका क्लासमध्ये सेंटओएस ७ या डिस्ट्रोवर शिकलो. मे महिन्यात कूलरच्या आवाजात सरांचे निम्मे बोलणे ऐकू येत नसे, फळ्यावरच्या कमांड मात्र वहीत उतरत. सरांचा सारा भर पाठांतरावर होता आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार आहे. सेंटओएस जिच्या लिनक्सवर बेतलेले होते त्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर काम करून द्यावी लागते, ३०० पैकी २१० गुण मिळाले की माणूस उत्तीर्ण होतो, आणि तिथपर्यंत पाठांतर बऱ्यापैकी पोहोचवते. त्यापुढे ते उपयोगी पडत नाही. बाजारात मिळणाऱ्या प्रश्नपत्रिकांच्या ‘डम्प’विषयी तर मी एवढेच म्हणेन की, ते घोकून आलेला उमेदवार मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ओळखू येतो.

पुढच्या वर्षी गायत्रीनगरच्या आयटी पार्क परिसरातील एका लहान फर्ममध्ये मला काम मिळाले आणि पहिलाच ग्राहक इतवारीतला एक घाऊक व्यापारी होता. त्यांच्या दुकानातल्या सर्व्हरवर उबंटू १८.०४ ही दुसरी डिस्ट्रो होती. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या यमच्या जागी एपीटी, वेब सर्व्हरच्या एचटीटीपीडी या नावाच्या जागी अपाची२, प्रशासकांच्या व्हील गटाच्या जागी सुडो गट, फायरवॉलसाठी फायरवॉलडीच्या जागी यूएफडब्ल्यू, सुरक्षेसाठी एसईलिनक्सच्या जागी अ‍ॅपआर्मर, हे बदल मी दोन दिवसांत पचवले आणि उबंटू आपल्याला आले असे मानून मोकळा झालो. नवख्यांना हेच फरक सर्वांत मोठे वाटतात; प्रत्यक्षात ते सर्वांत निरुपद्रवी असतात, कारण चूक झाली की यंत्र तोंडावर सांगते आणि माणूस लगेच दुरुस्ती करतो. घात करतो तो न बोलणारा फरक, आणि म्हणूनच पुढची हकीकत मी जरा लांबवणार आहे.

बॅकअपसाठी मी क्लासमध्ये शिकलेलीच शेल स्क्रिप्ट तिथे नेऊन ठेवली. (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम आणि स्क्रिप्ट म्हणजे त्या कमांडची फाइल.) रविवार असेल तर डेटाबेसची संपूर्ण प्रत घ्यायची, नाहीतर त्या दिवशी बदललेल्या फाइलींची प्रत घ्यायची आणि शेवटी नोंदवहीच्या फाइलीत ‘प्रत पूर्ण’ असे लिहायचे, इतके साधे तिचे काम होते. (डेटाबेसची प्रत रोज घ्यायला हवी होती, हे आज मलाही कळते.) फाइल कोणत्या शेलने वाचावी हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत ‘/बिन/एसएच’ लिहिलेले होते आणि वाराची तपासणी मी दुहेरी चौकटी कंसात, म्हणजे [[ ]] यांच्या आत केली होती. बसवले त्या दिवशी बुधवार होता, म्हणून रविवारच्या सातच्या जागी बुधवारचे तीन टाकून मी स्क्रिप्ट चालवून पाहिली, संपूर्ण प्रत तयार झाली, पुन्हा सात टाकले आणि समाधानाने घरी आलो. चालवताना मात्र सवयीने आधी ‘बॅश’ हे नेहमीच्या शेलचे नाव आणि मग फाइलीचे नाव लिहिले होते. तसे लिहिले की पहिल्या ओळीला काही अर्थच उरत नाही; फाइल बॅशच वाचतो.

ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनने रात्री ती चालवली तेव्हा मात्र पहिली ओळ पाळली गेली. सेंटओएसवर ‘/बिन/एसएच’ या नावामागे बॅशच उभा असतो आणि दुहेरी कंस तो बिनतक्रार स्वीकारतो. उबंटूने २००६ साली, ६.१० या आवृत्तीपासून, त्या नावामागे डॅश हा लहान आणि चपळ शेल आणला, कारण यंत्र सुरू होताना असंख्य लहान स्क्रिप्ट चालतात आणि तिथे बॅशचे वजन जाणवते. उबंटू जिच्यावर बेतलेले आहे त्या डेबियन डिस्ट्रोनेही २०११ मध्ये तेच केले. डॅशला दुहेरी कंस हे व्याकरण म्हणून ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने [[ हे एका कमांडचे नाव असते, त्या नावाची कमांड सापडत नाही, आणि शेल १२७ हा क्रमांक परत करतो. ‘इफ’च्या लेखी शून्याखेरीज कोणताही क्रमांक म्हणजे ‘नाही’. म्हणजे माझ्या स्क्रिप्टने दर रात्री विचारले की आज रविवार आहे का, उत्तर आले की तुमचा प्रश्नच मला समजला नाही, आणि तिने त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊन पुढचे काम नेटाने उरकले. रविवारीसुद्धा.

ती थांबली असती तर बरे झाले असते. त्रुटी आली की थांबावे म्हणून मी ‘सेट’ला ‘-ई’ जोडले होते, पण ‘इफ’च्या अटीत आलेले अपयश त्या नियमातून वगळलेले असते. ‘-एन’ देऊन व्याकरण तपासले असते तरी डॅशने काही म्हटले नसते, कारण त्याच्या मते व्याकरण बरोबरच होते. त्रुटीचा संदेश क्रॉनने टपालाने मला पाठवायला हवा होता, पण त्या यंत्रावर टपालाचा प्रोग्राम बसवलेलाच नव्हता. टपालव्यवस्था नसल्यामुळे संदेश टाकून देत आहोत, अशी एक नम्र ओळ सिसलॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींच्या फाइलीत, रोज उमटत होती आणि मी ती फाइल उघडत नव्हतो. नोंदवहीत मात्र रोज ‘प्रत पूर्ण’ होते. सात रविवार असेच गेले, मग डिस्क गेली, आणि हाती आली ती बसवण्याच्या बुधवारी तयार झालेली एकमेव प्रत. सात आठवड्यांच्या बिलांच्या कार्यालयीन प्रती समोर ठेवून मी आणि एक सहकारी दिवाळीच्या तोंडावर त्या पेढीत बसून नोंदी पुन्हा भरत होतो. मुनीमजी चहा पाठवत राहिले, रागावले नाहीत, आणि तेच जास्त बोचले.

‘लिनक्सची ही एकाची तऱ्हा एक नि दुसऱ्याची दुसरी’ असे मी त्या रात्री चरफडत म्हणालो, तेव्हा आमच्या फर्ममधल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने माझ्यासमोर डॅशचे मॅन पान, म्हणजे त्याची माहितीपुस्तिका, उघडून ठेवले आणि ते पूर्ण वाचल्याशिवाय जागचे उठू दिले नाही. माझ्या मते गुरू असावा तर असा. उत्तर फेकून निघून जाणारा नको. वाचल्यावर कळले की या प्रकरणात डिस्ट्रोंनी एकमेकींत भांडण केलेच नव्हते. एसएच या शेलने काय समजून घ्यावे हे पॉझिक्स नावाच्या प्रमाणात ठरलेले आहे, त्याची पहिली आवृत्ती १९८८ सालची आहे, शेलचा भाग त्यात १९९२ मध्ये आला, आणि तेव्हापासून आजपर्यंत दुहेरी कंस त्यात बसलेला नाही. डॅश प्रमाण पाळत होता. सेंटओएस मला सूट देत होते आणि मी त्या सुटीलाच नियम समजलो होतो. एकेरी कंस आणि एकच बरोबरचे चिन्ह लिहिले असते तर ती ओळ सगळीकडे चालली असती; नाहीतर पहिल्या ओळीत प्रामाणिकपणे बॅशचे नाव लिहायचे. शेलचेक नावाचे मोफत साधन अशी चूक क्षणात दाखवते. आता मी त्यातून न गेलेली एकही स्क्रिप्ट ग्राहकाच्या यंत्रावर ठेवत नाही आणि नवख्यांच्या हातची तर मुळीच ठेवू देत नाही.

मग सगळ्यांनी बसून एकच प्रमाण का ठरवले नाही, असे तुम्ही विचाराल. ठरवले होते. लिनक्स स्टँडर्ड बेस हे प्रमाण २००१ मध्ये आले आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यताही मिळाली. पण त्यात पॅकेजसाठी रेड हॅटकडचे आरपीएम स्वरूप धरले होते आणि डेबियनचे सारे घर स्वतःच्या डेब स्वरूपावर उभे होते. त्या प्रमाणावर बेतलेले सॉफ्टवेअरही फारसे बाजारात आले नाही, आणि २०१५ मध्ये डेबियनने त्यातून जवळपास पूर्ण अंग काढून घेतले. याउलट यंत्र सुरू करणारे आणि त्यावरच्या सेवा सांभाळणारे सिस्टमडी कोणत्याही समितीने ठरवून दिलेले नव्हते. २०१० मध्ये ते सुरू झाले, २०११ मध्ये फेडोराने, २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने आणि २०१५ मध्ये डेबियन व उबंटूने ते स्वीकारले. त्यावरून इतके वाद पेटले की डेबियनमधून देवुआन नावाची वेगळी चूल मांडली गेली, तरीही आज सेवा चालू-बंद करण्याची कमांड बहुतेक सर्व्हरवर सारखी आहे. कागदावरचे प्रमाण मागे पडले आणि वापरातून रुळलेले टिकले, हे मला पटायला वेळ लागला, कारण क्लासमध्ये मी जे लिहिलेले तेच खरे मानायला शिकलो होतो.

एकाच डिस्ट्रोवर आयुष्य बेतू नका, असे मी म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की, २०२९ पर्यंत सांभाळले जाईल असे गृहीत धरलेले सेंटओएस ८ हे २०२१ अखेर बंद होईल. त्या आठवड्यात मला आलेल्या फोनांमध्ये माझ्या जुन्या क्लासमधल्या मुलांचेच फोन अधिक होते आणि दोघे तर फी वाया गेली म्हणून रडकुंडीला आले होते. फी वाया गेली नव्हती. काही महिन्यांत सेंटओएसची जागा घेणारे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, त्यांच्या हातची कमांड एकही बदलली नाही, आणि त्यांपैकी एक मुलगा आज माझ्यापेक्षा जास्त पगार घेतो. तेव्हा घाबरू नका. नाव बदलते, खालचा थर फारसा हलत नाही. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पातळीवर तर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रहच असतो की, आधी चालत असलेला प्रोग्राम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये.

म्हणून माझा सल्ला असा की, लॅपटॉपवर दोन आभासी यंत्रे घ्या, एकावर डेबियन आणि दुसऱ्यावर अल्मा किंवा रॉकी बसवा, आणि लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट क्रॉनमधून दोन्हीकडे चालवून पाहा. हाताने चालवलेली परीक्षा परीक्षा नव्हे. डेबियनच्या बाजूला हात बसला की सी-डॅक या सरकारी संस्थेचे बॉस लिनक्सही परके वाटणार नाही, कारण ते त्याच घराण्यातले आहे. दर महिन्याला नवी डिस्ट्रो बसवून तिच्या वॉलपेपरचे फोटो ग्रुपवर टाकण्याला मी अभ्यास मानत नाही. आणि कुठल्याशा पानावरची लांबलचक ओळ सुडोसकट, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानिशी, टर्मिनलमध्ये चिकटवण्याआधी ती कोणत्या घराण्यासाठी लिहिली आहे एवढे तरी पाहा.

मुलाखतीला आलेल्या मुलांसमोर मी हल्ली त्या स्क्रिप्टच्या चार ओळी कागदावर लिहून ठेवतो आणि उबंटूवर रविवारी काय होईल ते विचारतो. उत्तर चुकले तरी चालते. ‘सर, करून पाहू का?’ असे जो म्हणतो त्याला मी पुढच्या फेरीला बोलावतो. इतवारीतले ते ग्राहक अजून आमच्याकडेच आहेत. दर सोमवारी सकाळी मी त्यांची रविवारची प्रत वेगळ्या यंत्रावर उतरवून त्यातले शेवटचे बिल उघडून पाहतो, आणि बहुधा त्याच सुमारास मुनीमजींचा फोन येतो, ‘काल झाली ना जी?’ मी त्यांना शेवटच्या बिलाचा क्रमांक वाचून दाखवतो.