आठवडाभर आल्प्सच्या धारेवर: पुण्यातून निघण्याआधी

सगळ्यात आधी मित्राला समोर बसवा. कॉलेजात असताना ज्याच्याबरोबर तैलबैला केला, तोच आज गुडघ्याला पट्टा लावून सिंहगड चढतो. त्याचा वेग किती उरलाय, कशाची भीती बसलीय, हे जुन्या मैत्रीत विचारायचं राहूनच जातं. किती वाजता परत फिरायचं, आणि एकाने ‘बस’ म्हटलं की दुसऱ्याने हुज्जत घालायची नाही, एवढं चहा पिता पिता इथेच ठरवून टाका. वर डोकं ठणकत असताना असल्या चर्चा नीट होत नाहीत.

फ्रान्समधल्या शामोनीच्या आसपासच्या धारा, म्हणजे डोंगरांचे अरुंद कणे, जुलै-ऑगस्टमध्ये करायच्या, म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. तेव्हा सह्याद्रीतला कातळ शेवाळलेला असतो, त्यामुळे चढाईचा सराव मेअखेर उरकायला हवा. तोही क्लाइंबिंग शूज काढून, आल्प्सचे जाड बूट घालून. सोप्याच कड्यावर, पण दोर लावून. पाऊस लागला की पाठीवर वजन घेऊन आतकरवाडीतून सिंहगड, पहाटे साडेतीनला, हेडटॉर्चवर. त्याआधी उघडीप असताना राजगड ते तोरणा एका दमात करून पाहा. दोघांचा वेग जुळतो की नाही ते तिथे कळेल. पुण्यात पाय तयार होतील, उंचीची सवय मात्र होणार नाही.

बुटांवर पैसे वाचवू नका. क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे काटे) ज्या बुटांवर घालणार त्याच बुटांवर घरी बसवा, स्क्रू आवळा, डावा-उजवा खूण करून ठेवा. वाऱ्यात हातमोज्यांनी ही खटपट होत नाही. बाकी सामान थोडकं: हेल्मेट, हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा), एक आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड), पन्नास मीटर दोर, १२० सेंटिमीटरच्या चार-पाच स्लिंग (पट्ट्यांचे फास), भेगांत अडकवायचे थोडे नट आणि दोन-तीन कॅम, प्रुसिकच्या, म्हणजे मुख्य दोरावर पकड घेणारी गाठ मारायच्या दोऱ्या. तिथला खडक ग्रॅनाइट, भेगा खणखणीत; आपल्या बेसॉल्टसारखा हातात सुटून येण्याची धास्ती कमी. तरी प्रत्येक पकड आधी ठोकून पाहायची सवय सोडू नका.

दोराचा सराव मात्र भरपूर हवा. धारेवर दोघं बराच वेळ एकदमच चालतात. मधे थोडाच दोर, उरलेला वेटोळी करून अंगावर. ती वेटोळी गाठ मारून हार्नेसला अडकवली नाहीत, तर झटका थेट गळ्याला बसतो. मधला दोर खडकांच्या शेंड्यांभोवती कधी डावीकडून, कधी उजवीकडून न्यायचा, म्हणजे एक घसरला तरी दोर अडकतो. वेताळ टेकडीवर झाडांमधून हे करत बसलात, तर फिरायला आलेले काका ‘झाडं मोजताय का?’ विचारतील. विचारू देत. वेटोळी सोडणं-बांधणं बोलता बोलता जमेपर्यंत थांबू नका. उतरताना जास्त कसलेला वर, म्हणजे मागे. १४ जुलै १८६५ ला मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि सातांपैकी चौघे गेले.

उंचीचं गणित असं: पुणे साधारण ५६० मीटर, शामोनी १०३५, आणि एग्वी द्यू मिदीची केबल कार तासाभराच्या आत ३८४२ वर नेऊन सोडते. म्हणून पहिले दोन दिवस समोरच्या एग्वी रूज रांगेत, तीन हजारांच्या खालीच. क्रोशूची धार त्यासाठी झकास. कॉस्मिकची धार त्यानंतर. फ्रेंच श्रेणीत ती ‘एडी’, म्हणजे बऱ्यापैकी अवघड. मिदीच्या बोगद्यातच क्रॅम्पॉन चढवा, कारण फाटकाबाहेर पडताच अरुंद बर्फाळ धार सुरू होते. खाली येणारी शेवटची केबल कार कितीला, हे सकाळीच पाहून ठेवा. दुपारी ढग दाटले तर विजेच्या वेळी धारेइतकी वाईट जागा नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास आवर्जून सांगा.

विमान जिनिव्हाला उतरलं तरी मुक्काम जास्त फ्रान्समध्ये, म्हणून व्हिसा फ्रान्सचा. त्यासाठी तीस हजार युरोंचा विमा लागतोच, पण साध्या प्रवासी विम्यात गिर्यारोहण बहुधा वगळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा, बचावाचा खर्च धरलाय का ते पाहा. अ‍ॅक्स चेक-इनमध्ये, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, गॅसचा डबा तिकडेच विकत.

खाऊत चिक्की आणि बाकरवडी चालेल, पेढे-बर्फी नको. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा. झोपायला पातळ लायनर (आत शिरून झोपायची कापडी पिशवी), थोडी रोकड.

घरी ‘पोहोचलो की फोन करतो’ एवढ्यावर भागवू नका. हटचं नाव, धारेचं नाव, विम्याचा क्रमांक, तिथल्या बचाव पथकाचा देशाच्या कोडसह पूर्ण नंबर (तिथला ११२ पुण्यातून लावला तर इथेच लागतो), आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.