दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसा शोधावा

समोर सहा-सात इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांतून शब्द होतो हे माहीत आहे, आणि तरी तो सुचत नाही. अशा वेळी आपलं इंग्रजी कच्चं आहे असं वाटून बरेच जण कोडं सोडून देतात. पण शब्द बहुतेकदा आपल्याला येत असतो, फक्त आपण तो चुकीच्या पद्धतीने शोधत असतो.

आधी अट नीट वाचा. ‘या अक्षरांचा शब्द’ या एकाच वाक्यामागे चार वेगवेगळे प्रश्न असू शकतात. एक, हीच अक्षरं सगळीच्या सगळी वापरायची आणि बाहेरचं एकही घ्यायचं नाही. दोन, ही अक्षरं शब्दात कुठेतरी हवीतच, बाकी काहीही चालेल. क्यू आणि झेड दोन्ही हवेत म्हटलं, तर क्विझ, स्क्वीझ, क्वार्ट्झ हे तिन्ही शब्द बसतात. तीन, अक्षरं लागूनच आणि त्याच क्रमाने हवीत. आर-एस-टी म्हटलं की फर्स्ट येतो, थर्स्टी येतो. अंडरस्टडीमध्ये तर आर-एस-टी-यू अशी चार अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने सापडतात. आणि चार, अक्षराची जागाच ठरलेली असते, जसं वर्डल या पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या खेळात पाच घरांपैकी तिसऱ्या घरात ए. तुमचा प्रश्न यांपैकी कोणता, ते ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पहिल्या प्रकाराकडे वळू, कारण खरी मेहनत तिथेच आहे. सात वेगवेगळी अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात, म्हणून एकेक मांडणी करून पाहण्यात अर्थ नाही. अक्षरं एका ओळीत न लिहिता कागदावर गोलाकार लिहा. ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाला चिकटून बसतो, गोलात तो मोकळा फिरतो. मग शब्दाची शेपटी शोधा: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, एल-वाय, टी-आय-ओ-एन. तशीच सुरुवातही पाहा: आर-ई, यू-एन, डी-आय-एस.

समजा एस, जी, टी, आय, आर, एन, ए ही अक्षरं आली. आय-एन-जी बाजूला काढलं की उरतात एस, टी, आर, ए. त्यातून पटकन ‘स्टार’ दिसतो, पण त्याला आय-एन-जी लावताना आर दोनदा येतो आणि आपल्याकडे तो एकच आहे. इथे पुष्कळ जण थांबतात. थांबू नका. ‘स्टेअर’ म्हणजे टक लावून पाहणे. आय-एन-जी लागताना त्याचा शेवटचा ई गळतो आणि बरोबर आपली सात अक्षरं उरतात: स्टेअरिंग. आता आय-एन-जी परत गोळा करा आणि फक्त एस शेवटी ठेवून पाहा. ‘रेटिंग्ज’ मिळतो. शेपटी बदलली की शब्द बदलतो, म्हणून एक शब्द मिळाला तरी दुसरी शेपटी लावून बघाच.

आपल्याला एक अडचण हमखास येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. आपण इंग्रजी शब्द आवाजाने लक्षात ठेवतो. ‘के’पासून शब्द सांगा म्हटलं की काइट, किंग आठवतात, नी, नाइफ, नॉक आठवत नाहीत, कारण त्यांतला के ऐकूच येत नाही. न्यूमोनियातला पी, रिस्टमधला डब्ल्यू, थॉटमधले जी-एच हे सगळे असेच लपलेले. ‘लिसन’ घ्या: एल-आय-एस-टी-ई-एन. यातला टी मुका आहे. त्याच सहा अक्षरांतून ‘सायलेंट’ होतो आणि तिथे तोच टी स्पष्ट वाजतो. कानाने शोधणाऱ्याला ही जोडी कधीच सापडणार नाही. म्हणून अक्षरं पाहताना मुक्या अक्षरांच्या जोड्या मुद्दाम लावून बघा: के-एन, डब्ल्यू-आर, पी-एस, जी-एच.

याशिवाय काही सवयी ठाऊक असल्या की काम हलकं होतं. क्यूच्या मागोमाग जवळजवळ नेहमी यू येतो. व्हीवर शब्द क्वचितच संपतो, पुढे ई लागतो: गिव्ह, हॅव, लव्ह. सी-के शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही हाती नसेल तर वायला स्वर समजा. ऱ्हिदम आणि मिथ हे शब्द तसेच बनलेत. ई हे इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर. स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याचा खेळ तयार करताना आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली होती. आजही इंग्रजी संचातल्या १०० सोंगट्यांत ई १२ वेळा आहे, तर जे, के, क्यू, एक्स आणि झेड एकेकदाच.

यंत्राची मदत घ्यायची तर दोन चिन्हं पुरेशी आहेत. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर, तारा (*) म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. सी, प्रश्नचिन्ह, टी दिलं की कॅट, कॉट, कट मिळतात. ही चिन्हं वनलुकसारख्या शब्दशोधकात चालतात, एक्सेलच्या फिल्टरमध्येही चालतात. शब्दांची यादी एका रकान्यात टाका आणि कस्टम फिल्टरमध्ये ‘क्यू असलेले’ व ‘झेड असलेले’ या दोन अटी ‘अँड’ने जोडून एकत्र लावा, कारण त्याच रकान्यावर नंतर लावलेला वेगळा फिल्टर आधीचा पुसून टाकतो. चाळणीवर चाळणी. मात्र तेच अक्षर दोनदा हवं असेल तर ‘ई असलेले’ ही अट दोनदा लावून उपयोग नाही, एकच ई असलेला शब्दही दोन्ही अटी सहज पार करतो. तिथे तारा, ई, तारा, ई, तारा असं लिहा.

सगळी अक्षरं वापरायचीच असतील तर ती वर्णानुक्रमे लावा. लिसनचं होतं ई-आय-एल-एन-एस-टी. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं अशीच लावली, की ज्यांची ओळ तंतोतंत जुळते ते सारे एका कुटुंबातले: लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सल, इनलेट्स. कितीतरी शब्दशोधक आतून नेमकं हेच करतात, आणि कागदावरही हे जमतं.

सापडलेला शब्द वापरण्याआधी कोशात पाहून घ्या. खेळ असेल तर कोणता कोश मानायचा ते सुरुवातीलाच ठरवा. स्क्रॅबलच्या स्पर्धांतसुद्धा उत्तर अमेरिकेतली शब्दयादी वेगळी आहे आणि इतर बहुतेक ठिकाणी चालणारी कॉलिन्स या कोश-प्रकाशकाची वेगळी.