चुंबकीय नॅनोकणांवर पीएचडी करायचीय? आधी नुसतं पाणी मोजा

एमएस्सी फिजिक्स करून मी या विषयात आले ती कॅन्सरसाठी. आयर्न ऑक्साइडचे कण गाठीपाशी न्यायचे, बाहेरून सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं, कण तापले की भोवतालचं वेष्टण सैल होऊन औषध तिथंच सुटतं. डीपीपीसी नावाच्या लिपिडचं (चरबीसारख्या पदार्थाचं) वेष्टण ४१ अंशांच्या आसपास सैल पडतं, म्हणजे तापापेक्षा थोडंसंच वर. सगळा खेळ या दोन-चार अंशांचा आहे.

कण बनवणं लवकर जमतं. लोहाचे फेरिक आणि फेरस क्षार २:१ प्रमाणात घ्यायचे, नायट्रोजन सोडत अमोनिया घालायचा. द्रावण क्षणात काळंभोर होतं; बीकरला चुंबक लावला की सगळा काळा गाळ त्या बाजूला सरकतो. तपकिरी झाक दिसली तर हवा लागली समजा.

खरी कसोटी तापमान मोजण्यात आहे. माझे पहिले आलेख फार सुंदर आले होते. एका सीनियर ताईनं सांगितलं, "कॉइलमध्ये (क्षेत्र तयार करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) नुसतं पाणी ठेवून बघ." पाणीही तापलं! थोडी उष्णता कॉइलची होती, आणि तापमान मोजणारा थर्मोकपल धातूचा असल्यानं त्या क्षेत्रात तो स्वतःच तापत होता. दोन आठवड्यांची मापं बाद झाली. त्या दिवशी मी रडले. पुढे फायबर ऑप्टिक थर्मामीटर मिळाला आणि प्रत्येक नमुन्याआधी कोऱ्या पाण्याचं माप घ्यायची सवय लागली, ती आजही आहे.

आणखी एक. पाण्यात छान तापणारे कण पेशींत गेल्यावर अनेकदा कमी तापतात: तिथे ते गोळा होतात, अडकतात, फिरू शकत नाहीत. क्षेत्र हवं तेवढं वाढवताही येत नाही, कारण मग निरोगी ऊतीही तापू लागतात. शिवाय शिरेतून सोडलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतच अडकतात. म्हणूनच बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीनं मेंदूच्या गाठींसाठी जी उपचारपद्धती आणली (युरोपात २०१० साली मान्यता), तिच्यात कण थेट गाठीत टोचतात. तिथे औषध नसतं, काम उष्णताच करते.

प्रवेशाआधी गाइडना भेटाल तेव्हा विषयाइतकंच हेही विचारा: इंडक्शन हीटर (कॉइलमध्ये ते बदलतं क्षेत्र तयार करणारं यंत्र) लॅबमध्ये आहे की दुसऱ्या गावी जाऊन पाळी लावावी लागते? तापमान कशानं मोजता? पेशींवरचे प्रयोग कुठे होतात?