केगच्या फ्रिजमध्ये बिअर नेमकी थंड कशी ठेवायची

केग म्हणजे बिअरचा धातूचा पिंप. त्याच्या नळातून नुसता फेस यायला लागला की पहिला हात जातो रेग्युलेटरकडे, म्हणजे वायूचा दाब ठरवणाऱ्या झडपेकडे. दाब कमी केला की दोन-चार ग्लास बरे येतात, मग बिअर मिळमिळीत होते आणि फेस पुन्हा येतोच. आधी तापमान बघा, दाबाचं नंतर. थंड बिअर तिच्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड वायू धरून ठेवते, कोमट झाली की सोडते, आणि हा सुटलेला वायूच ग्लासात फेस होऊन येतो. 4 अंशांवर मुरवलेली बिअर 10 अंशांवर गेली की तोच दाब तिला पुरत नाही.

फ्रिजच्या गोल बटणावरचे 1 ते 7 आकडे म्हणजे अंश नव्हेत. आत टांगलेला थर्मामीटरही फसवतो, कारण तो हवा मोजतो आणि दार उघडलं की हवा लगेच बदलते. त्याऐवजी पाण्याने भरलेला ग्लास केगशेजारी ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि 24 तासांनी वाचा. खात्री करायची तर एक ग्लास भरून ओतून द्या, त्याच गार झालेल्या ग्लासात दुसरा भरा आणि लगेच मोजा. बटण एका वेळी थोडंच फिरवा, मग पुन्हा एक दिवस थांबा. तासातासाला फिरवत बसलात तर काहीच कळणार नाही.

लागर आणि पिल्सनरला 3 ते 4 अंश, गव्हाच्या बिअरला 4 ते 6, पेल एलला 6 ते 8, स्टाउटला 8 ते 10. एका फ्रिजमध्ये दोन प्रकार असतील तर तडजोडीचा मधला आकडा लावू नका. फ्रिज 4 वर ठेवा आणि स्टाउट ग्लासात थोडा वेळ तशीच राहू द्या.

4 अंशांवर एक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर वायू मुरलेला हवा. त्यासाठी समुद्रसपाटीला 11 ते 12 पीएसआय (दाबाचं एकक) इतका दाब लागतो. नाशिक जवळपास 600 मीटर उंचीवर आहे, इथे बाहेरच्या हवेचा दाबच कमी, म्हणून गेजवर सुमारे 1 पीएसआय जास्त, म्हणजे 12 ते 13 ठेवा. मुंबईच्या मित्राचा आकडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

डीप फ्रीझर वापरत असाल तर बाहेरचा तापमान कंट्रोलर हवाच. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हवेत लोंबकळत ठेवू नका, नाहीतर दर वेळी झाकण उघडलं की कॉम्प्रेसर सुरू होईल. केगच्या निम्म्या उंचीच्या खाली प्रोब चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि वरून फोमचा जाड तुकडा लावा, म्हणजे तो केगचा पत्राच मोजेल. सेटिंग 3.5 अंश, फरक 1 अंश (तापमान तेवढं वर गेलं की कॉम्प्रेसर सुरू होतो), कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला 5 मिनिटांचा विलंब. एक धोका मात्र आहे: गरम केग ठेवला की प्रोबला गारवा पोहोचेपर्यंत आतली हवा शून्याच्या बरीच खाली जाते आणि बारीक नळीतली बिअर गोठते. 5 टक्क्यांची बिअर उणे 2 अंशांच्या आसपास गोठायला लागते. म्हणून केग पूर्ण गार होईपर्यंत बिअरची नळी जोडूच नका. 30 अंशांवरचा 20 लिटरचा केग गार व्हायला पूर्ण दिवस लागतो, 50 लिटरच्या केगला त्याहून जास्त. मे महिन्यात सातपूरहून उन्हातून गाडीत आणलेला केग त्याच संध्याकाळी उघडण्याची घाई करू नका.

पहिला ग्लास फेसाळ आणि पुढचे चांगले, असं होत असेल तर केगचा दोष नाही. फ्रिजवरचा टॉवर, म्हणजे नळ बसवलेला खांब, गरम आहे, त्यातल्या नळीत थांबलेली बिअर तापते. 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर फॅन फ्रिजच्या तळाशी बसवा आणि तिथली गार हवा पाइपाने थेट नळाच्या मागच्या टोकापर्यंत न्या. पाइप टॉवरच्या अर्ध्यावर संपला तर उपयोग नाही. टॉवरला आतून फोम लावा, त्याने पावसाळ्यात बाहेरून पाणी सुटणंही कमी होतं.

फ्रिजमागे निदान 15 सेंटिमीटर जागा सोडा. पश्चिमेच्या गॅलरीत तो ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पारा 40 ला टेकला की तिथे कॉम्प्रेसर थांबतच नाही.

बिअर 4 अंशांवर आहे, टॉवरही गार आहे आणि तरी सगळेच ग्लास फेसाळ येतात? मग नळी मोजा. 5 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी 3 मीटरच्या आसपास हवी. आखूड असेल तर बिअर फार जोरात येते, तेव्हा नळी बदला, दाब तसाच राहू द्या.