कोनी आयलंडचा इतिहास जागेवर उभे राहून कसा वाचावा

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागाच्या दक्षिण टोकाला असलेले कोनी आयलंड हे एका उद्यानाचे नाव नसून समुद्रकाठच्या संपूर्ण वस्तीचे नाव आहे, ही गोष्ट आधी पक्की करून घ्यावी, कारण इतिहासाविषयीचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात. या पट्ट्यावर वेगवेगळ्या मालकांची मनोरंजन उद्याने उभी राहिली, काही जळाली, काही पाडली गेली आणि एकाच नावाची दोन उद्याने दोन निराळ्या जागी झाली. म्हणून कोणता पाळणा कधी आला हे विचारण्यापूर्वी तो कोणाच्या जमिनीवर, कोणत्या कुंपणाच्या आत उभा होता, हे शोधावे. मुलांकडे न्यू जर्सीत मुक्कामाला आलेल्या आईवडिलांना घेऊन जाण्यासाठीही हा दिवसभराचा कार्यक्रम चांगला आहे. चालणे मात्र बरेच पडते.

घरून निघण्यापूर्वी जुने नकाशे पाहावेत. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. त्यांत लाकडी बांधकाम पिवळ्या रंगात आणि विटांचे गुलाबी रंगात दाखवलेले असते. सर्फ अव्हेन्यू हा समुद्राला समांतर जाणारा मुख्य रस्ता ओळखावा आणि त्याला छेदणारे वेस्ट ८वा, १०वा, १२वा, १६वा हे रस्ते आजच्या नकाशाशी जुळवून घ्यावेत. एवढे केले की पुढची सारी जुळवाजुळव सोपी होते.

भुयारी रेल्वेच्या डी, एफ, एन किंवा क्यू गाडीने स्टिलवेल अव्हेन्यूच्या शेवटच्या स्थानकावर उतरावे. हे स्थानकही इतिहासाचाच भाग आहे. १९२० मध्ये भुयारी रेल्वे इथवर आली आणि मॅनहॅटनच्या गजबजलेल्या चाळींतला कामगार पाच सेंटांत समुद्रावर पोहोचू लागला. हे भाडे १९४८ पर्यंत तेवढेच राहिले. समोरच्या कोपऱ्यावर नेथन हँडवर्कर यांनी १९१६ मध्ये हॉटडॉगचे दुकान काढले आणि भावही पाच सेंटच ठेवला. पाच सेंटांच्या नाण्याला ‘निकेल’ म्हणतात, त्यावरून वस्तीला ‘निकेल एम्पायर’ असे टोपणनाव पडले.

स्थानकाकडून पश्चिमेला वळावे. बेसबॉलचे मैदान आणि त्याच्यामागे उभा असलेला पॅराशूट जंप या जुन्या खेळाचा सुमारे २५० फुटी लोखंडी मनोरा दिसला, की आपण जॉर्ज टिल्यू यांच्या स्टीपलचेस पार्कच्या जागेवर आहोत असे समजावे. हे उद्यान १८९७ मध्ये सुरू झाले. रुळांवरून धावणारे यांत्रिक घोडे हे त्याचे मुख्य आकर्षण होते. १९०७ मध्ये ते जळून गेले, तेव्हा टिल्यू यांनी दुसऱ्याच दिवशी जळके अवशेष पाहण्यासाठी दहा सेंटांचे तिकीट लावले! नंतर त्यांनी काचेचा भव्य मंडप बांधून उद्यान पुन्हा उभे केले आणि ते १९६४ पर्यंत चालले. पुढच्या वर्षी ती जमीन बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी विकत घेतली आणि १९६६ मध्ये मंडप पाडताना जमलेल्या पाहुण्यांना त्याच्या काचांवर विटा फेकायला लावले. पॅराशूट जंप मात्र मूळचा इथला नाही. तो १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बांधला गेला आणि १९४१ मध्ये इथे हलवला गेला. तारखा नोंदवताना ही दोन्ही वर्षे लिहावीत.

तिथून समुद्राकडे जाऊन बोर्डवॉकवरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून, पूर्वेकडे चालावे. हा बोर्डवॉक १९२३ मध्ये खुला झाला. त्याआधी किनाऱ्याचा बराच भाग खाजगी मालकांच्या ताब्यात होता आणि वाळूवर पाय ठेवायलाही पैसे मोजावे लागत. माझ्या मते या वस्तीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना कोणताही पाळणा किंवा रोलर कोस्टर नसून हा बोर्डवॉक आहे, कारण समुद्र फुकट झाल्यावर कुंपणाआडच्या उद्यानांचे गणित बदलले. वाटेत १९२० मध्ये सुरू झालेला १५० फूट उंचीचा वंडर व्हील हा चक्राकार पाळणा लागतो. त्याच्या २४ डब्यांपैकी १६ डबे आतल्या रुळांवरून घसरतात. खालून एखादी फेरी पूर्ण होईपर्यंत पाहिले, तर कोणते घसरतात हे सहज कळते. त्याच्याच पायथ्याशी कोनी आयलंड हिस्टरी प्रोजेक्टचे छोटे प्रदर्शन आहे. ही संस्था जुन्या रहिवाशांच्या आणि कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते.

आता सर्फ अव्हेन्यूवर परत यावे. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. रस्त्याच्या दक्षिणेला दिसणारे लूना पार्क २०१० मधले आहे. फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी यांनी मे १९०३ मध्ये सुरू केलेले मूळ लूना पार्क रस्त्याच्या उत्तरेला होते, जिथे आज त्याच नावाच्या उंच निवासी इमारती आहेत. त्याच्याही आधी, १८९५ पासून, त्या जागेवर पॉल बॉयटन यांचे सी लायन पार्क होते आणि कुंपण घालून प्रवेशमूल्य घेण्याची पद्धत या वस्तीत त्यांनीच आणली. लूना पार्क अडीच लाख विजेच्या दिव्यांसाठी गाजले. १९०४ च्या हंगामात तिथे दिल्लीचे रस्ते उभारून हत्तींसह दरबाराची मिरवणूक काढत. खरा दिल्ली दरबार होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते.

लूना पार्कविषयी वाचताना टॉप्सी नावाच्या हत्तिणीची गोष्ट हमखास समोर येते. जानेवारी १९०३ मध्ये तिला विजेचा धक्का देऊन मारले, हे खरे आहे. संशोधक थॉमस एडिसन यांनी प्रतिस्पर्धी प्रत्यावर्ती (एसी) वीजपद्धतीला बदनाम करण्यासाठी ते घडवून आणले, हे मात्र खरे नाही. दोन वीजपद्धतींमधला वाद दहा वर्षांपूर्वीच मिटला होता आणि एडिसन यांच्या कंपनीच्या छायाचित्रकारांनी केवळ त्या घटनेचे चित्रण केले. अशा चटकदार गोष्टीची तारीख आधी तपासावी आणि मगच ती पुढे सांगावी.

वेस्ट १०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सायक्लोन हा १९२७ मधला रोलर कोस्टर आहे. त्याचा सांगाडा पोलादी आणि रुळांचा मार्ग लाकडी आहे, हे रस्त्यावरूनच नीट पाहून घ्यावे. याच परिसरात लामार्कस थॉम्पसन यांची पाच सेंटांची स्विचबॅक रेल्वे (रोलर कोस्टरचे सुरुवातीचे रूप) १८८४ मध्ये धावली होती.

आणखी थोडे पूर्वेला गेले की मत्स्यालय लागते. इथे १९०४ पासून ड्रीमलँड होते, पांढऱ्याशुभ्र इमारतींचे आणि ३७५ फुटी मनोऱ्याचे. त्या इमारती म्हणजे लाकडी चौकटीवर दिलेला गिलावा होता. २७ मे १९११ च्या पहाटे, हंगाम सुरू होण्याच्या काही तास आधी, ‘हेल गेट’ या जलसफरीची गळती डांबराने बुजवण्याचे काम चालू असताना आग लागली. पाण्याचा दाब अपुरा पडला आणि सकाळपर्यंत सारे उद्यान राख झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवण्याचा मार्टिन कूनी यांचा विभाग तिथे होता. त्यातली बाळे वेळीच बाहेर काढण्यात आली. ड्रीमलँड पुन्हा बांधले गेले नाही. शहराच्या उद्यान विभागाचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांच्या काळात, १९५७ मध्ये, तिथे मत्स्यालय आले.

घरी परतल्यावर न्यूयॉर्क महापालिकेच्या अभिलेखागारातील १९३९ ते १९४१ दरम्यानची करआकारणीची छायाचित्रे उघडावीत. शहरातील जवळपास प्रत्येक इमारतीचे छायाचित्र त्यांत आहे आणि ती ब्लॉक (भूखंडांचा गट) व लॉट (भूखंड) क्रमांकानुसार शोधता येतात. आपण दिवसभरात ज्या कोपऱ्यांवर थांबलो, त्यांचे क्रमांक आजच्या मालमत्ता-नकाशावरून काढावेत, पण काही भूखंड नंतर एकत्र केले गेले असल्याने क्रमांक जुळला नाही, तर शेजारचे दोन-तीन क्रमांकही पाहावेत.