गंजलेला गिअरबॉक्स ऑइल पाइप कमी खर्चात कसा दुरुस्त करावा

रत्नागिरीत गाडी ठेवणाऱ्याला गंज नवा नाही. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. दार नाहीतर मडगार्ड गंजला तर डोळ्यांना दिसतो. गाडीच्या पोटाखाली, रेडिएटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारे दोन बारीक लोखंडी पाइप मात्र कोणी वाकून बघत नाही. माझ्या जुन्या ऑटोमॅटिक सेडानचा त्यातला एक पाइप श्रावणात फुटला. नव्या जोडीची किंमत ऐकून मी दोन दिवस गाडी हलवली नाही. शेवटी दोन हजारांच्या आत काम झालं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम तेलाची होती. ते कसं केलं, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी एक खुलासा. हे पाइप सगळ्या गाड्यांना नसतात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पोचवणाऱ्या, ऑटोमॅटिक गाड्यांत आणि बऱ्याच सीव्हीटींमध्ये (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) गिअरबॉक्सचं तेल तापतं. ते एका पाइपाने रेडिएटरमधल्या किंवा त्याच्यापुढच्या कूलरमध्ये जातं आणि थंड होऊन दुसऱ्याने परत येतं. मॅन्युअल गाडीत ही भानगड नाही. क्लच पेडल नसलेल्या एएमटी गाड्यांतही नाही, कारण आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो.

गळतंय काय, ते आधी ओळखा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरा. सकाळी लालसर, हाताला गुळगुळीत तेल दिसलं तर ते बहुधा गिअरबॉक्सचं. खूप जुनं झालेलं तेल तपकिरी दिसतं. इंजिन ऑइल मधाच्या रंगापासून काळ्यापर्यंत असतं, कूलंट पाण्यासारखं पातळ आणि हिरवं, निळं किंवा गुलाबी. कूलंटच्या टाकीत किंवा गिअरबॉक्सच्या तेलात स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी गाळ दिसला, तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून दोन्ही द्रव मिसळले आहेत. तसं असेल तर इथेच थांबा, पाइप बदलून काही होणार नाही.

आणि गळत असताना गाडी चालवू नका. तेल कमी झालं की गिअर घसरतात, आतल्या क्लच प्लेट जळतात आणि खर्च हजारांवरून लाखाच्या घरात जातो. शिवाय गरम सायलेन्सरवर हे तेल पडलं तर पेट घेऊ शकतं.

गंज कुठवर गेला आहे?

गाडी निदान तीन तास थंड होऊ द्या. सपाट जागी लावून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, जॅकने उचला आणि लगेच जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. जॅक स्टँडऐवजी चिरे किंवा विटाही रचू नका. चिरा दिसायला भक्कम असतो, पण वजनाखाली अचानक फुटतो.

आता तारेचा ब्रश घेऊन पाइप घासा. गंज सगळ्यात जास्त सापडतो तो क्लिपांखाली. पाइप जिथे चॅसीला धरून ठेवलेला असतो, तिथल्या रबरात खारट चिखल अडकतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. माझा पाइप बाहेरून बरा दिसत होता. क्लिप काढली आणि खाली पाहिलं तर पाइपाचा पापुद्रा सुटलेला, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते आतच गेलं.

भोकापासून दोन्ही बाजूंना घासत जा. पॉलिश पेपर मारल्यावर गुळगुळीत, चकचकीत पोलाद लागलं पाहिजे. बारीक खड्डे दिसत असतील तर अजून पुढे जा. सगळ्या दुरुस्तीत इथे कंजुषी करू नका, कारण खड्डेवाल्या पाइपावर कुठलाही जोड तेल धरत नाही. दोन इंच जास्त कापल्याने फार तर पन्नासेक रुपयांचा होज जास्त लागेल.

कापणं

हॅक्सॉने कापू नका. लोखंडाचा कीस पाइपात जातो, तिथून तेलाबरोबर गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाची वाट ठरवणाऱ्या बारीक झडपांच्या भागात. एसी-फ्रिजवाल्या मेकॅनिककडे छोटा ट्यूब कटर असतो, तासाभरासाठी मागून आणा. खाली भांडं ठेवा आणि गळलेलं सगळं तेल खुणा केलेल्या बाटलीत जमा करा. किती गेलं तेवढंच परत भरायचं आहे, त्यामुळे ही बाटली फार उपयोगी पडते.

पाइपाची टोकं रेडिएटरकडून किंवा गिअरबॉक्सकडून सोडवायची वेळ आली, तर आदल्या दिवसापासून दोन-तीनदा गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा. मग दोन पाने लावा. एकाने रेडिएटरमध्ये बसलेला षटकोनी जोड घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने फक्त पाइपाचा नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर रेडिएटरचा जोडच फिरतो, आतला कूलर पिळवटतो आणि वर सांगितलेला मिल्कशेक घरच्या घरी तयार होतो. नट मऊ धातूचा असतो, म्हणून साध्या पान्याऐवजी नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नट पाना वापरा. नट हलतच नसेल तर अडून बसू नका. टोकं तशीच ठेवा आणि फक्त मधला कुजलेला तुकडा काढा. मी तेच केलं.

खरी बचत होजवाल्याच्या दुकानात

जेसीबी, डंपर, ट्रॅक्टर यांचे हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं प्रत्येक एमआयडीसीच्या आसपास असतात. मी रत्नागिरीच्या एमआयडीसीत, मिरजोळ्याला गेलो. त्याआधी फोनवर माप सांगायला लागलो तर दुकानदार म्हणाला, “साहेब, माप नको, कापलेला तुकडाच घेऊन या.” अगदी बरोबर सांगितलं त्याने. पाइप १० मिलिमीटरचा वाटतो आणि निघतो तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. एवढ्याशा फरकाने जोड गळतो. व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावूनच माप ठरवा.

त्याच्याकडून घ्यायचं ते असं. एका पोलादी जाळीचा, आरवन नावाने मिळणारा होज. त्याच्या दोन्ही टोकांना मशीनवर क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले, फिरते नट. आणि पाइपाच्या कापलेल्या टोकांसाठी कटिंग रिंगवाले दोन सरळ युनियन, म्हणजे पाइप आणि होज एकमेकांना जोडणारे तुकडे. नट पाइपावर सरकवायचा, मग रिंग, मग पाइप युनियनमध्ये तळाला टेकेपर्यंत ढकलून आवळायचं. रिंग पाइपाच्या अंगात रुतते आणि तिथेच पकडते. कापलेल्या तुकड्यावर आधी एकदा त्याच्याकडूनच आवळून घ्या, म्हणजे किती आवळायचं ते हाताला कळतं.

हे युनियन नकोत तर दुसरा मार्ग आहे. कापडी जाळीचा, गिअरबॉक्स तेलासाठी चालणारा रबरी होज आणि चांगल्या प्रतीचे क्लॅम्प. पण गुळगुळीत पाइपावर क्लॅम्प मारून भागत नाही, गरम तेलाच्या दाबाने होज हळूहळू सरकून निघतो. ब्रेक पाइपवाल्याकडच्या फ्लेअरिंग किटने पाइपाच्या टोकाला छोटा फुगवटा काढून घ्या, होज इंचभर आत घाला आणि क्लॅम्प फुगवट्याच्या मागे आवळा. पोलादी जाळीच्या होजवर मात्र असले क्लॅम्प वापरू नका. तो क्रिंपसाठीच बनवलेला असतो.

रेडिएटरचा होज उरलाय म्हणून तो लावू नका, त्याचं रबर तेलात फुगतं. एपॉक्सी पुट्टी तेलकट, गरम पाइपावर टिकत नाही. एसीची तांब्याची नळी इंजिनच्या थरथरीने कडक होत जाते आणि जोडाजवळ तडकते. मिशिगनला असलेला माझा भाचा तिथल्या दुकानातून तांबं-निकेल मिश्रधातूच्या नळीचं वेटोळं आणतो. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथेही हेच दुखणं आहे. ती नळी हाताने वळते आणि गंजत नाही. तुमच्याकडे मिळाली तर जरूर वापरा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ही पद्धत ब्रेक पाइपाला चालत नाही. कूलरच्या पाइपात दाब काही बारच असतो, जोरात दाबलेल्या ब्रेकच्या पाइपात शंभर बारच्या पुढे जाऊ शकतो. खाली शिरलाच आहात तर ब्रेक पाइपही बघून घ्या, आणि ते गंजले असतील तर पूर्ण बदलून घ्या.

बसवणं आणि तेल भरणं

होज सायलेन्सरपासून आणि फिरणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टपासून लांब न्या, कुठेही घासता कामा नये. इंजिन हलतं तेव्हा ओढ बसू नये म्हणून होजला थोडी ढील ठेवा. हा होज साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तेलासाठी असतो. सायलेन्सरजवळून जाणं टळतच नसेल तर उष्णतारोधक आवरण चढवा.

तेल गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. सीव्हीटीचं तेल वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं. बाटलीत जमलेल्या तेलाएवढं आणि पुठ्ठ्यावर गळालं असेल त्याच्या अंदाजाने थोडं जास्त भरा. मग इंजिन चालू करा, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागी काही सेकंद ठेवा आणि परत पी (पार्क) वर आणा. पातळी बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून डिपस्टिकवर बघतात. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, काहींना डिपस्टिकच नसते आणि ठरावीक तापमानाला लेव्हल प्लग उघडावा लागतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल सांगेल तेच करा. जास्त भरलेलं तेल फेसाळतं आणि तेही नुकसान करतं.

इंजिन चालू असताना गाडीखाली जायचं नाही. बंद करा आणि मग टॉर्चने दोन्ही जोड बघा. जोडावर कोरडं टिश्यू फिरवलं की अगदी बारीक झिरपाही लाल डाग होऊन दिसतो. पहिल्या फेरीनंतर बघा, रात्रभर पुठ्ठा पसरून बघा आणि शंभरेक किलोमीटरनंतर जोड पुन्हा तपासा. क्लॅम्प वापरले असतील तर त्या वेळी ते पाव फेरा आवळावे लागतात.

उरलेल्या पाइपावरचा सुटा गंज घासून काढा, गंज रोखणारं रसायन लावा, वाळल्यावर रंग द्या. क्लिपांतला चिखल धुऊन रबराखाली ग्रीसचा हात फिरवा. भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, गाडी नेऊन आलात तर त्याच दिवशी पोटाखाली गोड्या पाण्याचा पाइप मारा, क्लिपांवर जरा जास्त वेळ.